नानांनी पारखलेला कटर

आमच्या गावात अक्कल सांगणारांची कधीच टंचाई नव्हती. पांझरा नदीला पाण्याची होती, रेशन दुकानात रॉकेलची होती, अमळनेरच्या एसटीत बसायला जागेची तर कायमचीच होती. पण पारावर पाय टाकला की सल्ला फुकट मिळे. कापसावर काय फवारावं हे स्वतःच्या शेतात गाजरगवत वाढवणारा सांगे. मुलगी कोणत्या घरी द्यावी हे ज्याची बायको तीन वर्षं माहेरी बसली होती तो सांगे. पण बैल घ्यायची वेळ आली की ही सगळी मंडळी गप्प होत आणि एकाच दारात जाऊन उभी राहत. ते दार हिलालनानांचं.

नाना दिसायला काही म्हणजे काहीच नव्हते. किडकिडीत अंग, बाहेरच्या बाजूला वाकलेले पाय, मळकी टोपी आणि दोन खिशांची बंडी. स्वतःची जमीन चार बिघे, तीही निम्मी मुरमाड. पण धुळ्याच्या बैलबाजारात हा माणूस शिरला की दलाल एकमेकांना डोळ्यांनी खुणावत. बाजाराच्या तोंडाशीच ते पायातले जोडे काढून काखेत मारत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "बैलना पायमा जोडा शे का? मंग मना पायमा कसाले?" ही गोष्ट गावात पसरली आणि पुढच्या बाजाराला चार शहाणे अनवाणी गेले. त्यांच्या पायांत काटे मोडले. बैल त्यांना जोडे घालून जेवढा कळत होता, तेवढाच कळला.

बैलाभोवती नाना फेरी घालत ती देवळातल्या प्रदक्षिणेच्या उलट बाजूने. कातडी चिमटीत धरून सोडून बघत, शेपटी उचलत, खुरावर बोटाने टिचकी मारत. हे चालू असताना मालकाच्या देखत त्या जनावराचा असा पाणउतारा करत की मालकाला आपण हे ध्यान इतके दिवस पोसलं कसं याचीच लाज वाटावी. "हाऊ बैल शे का घरजवाई? नुसता खावाले उभा शे." रंगवलेली शिंगं दिसली तर, "शिंगे रंगाडीसन दात कवळा व्हतस का रे भो?" नावं ठेवायची ती विकणाऱ्यासमोर, हा त्यांचा नियम. घेणाऱ्याला ते एकच शब्द सांगत. घे, नाहीतर नको. घे म्हणाले की उपरण्याखाली दलालाचा हात धरायचा आणि बोटं दाबून भाव ठरवायचा, म्हणजे भोवतीच्या गर्दीला काही कळत नसे.

याचे ते पैसे घेत नसत. बैलाने एक पुरा हंगाम नीट काम केलं, तर त्यानंतरच्या पोळ्याला मालकाने नानांच्या खांद्यावर एक उपरणं टाकायचं, एवढाच रिवाज होता. बैल फसला तर उपरणं नाही. पोळ्याच्या संध्याकाळी नाना चार-चार, पाच-पाच उपरणी एकावर एक टाकून गावातून हिंडत. उकाड्याने जीव जायचा, मानेवरून घाम गळायचा, पण एकही उपरणं उतरवत नसत. दुसरी कसलीच श्रीमंती त्यांच्याकडे नव्हती, आणि होती ती त्यांना लपवायची नव्हती.

माणसांबद्दल त्यांचं मत बैलांबद्दलच्या मताहून वाईट होतं. मी बी.एस्सी., बी.एड. होऊन अमळनेरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागलो, तेव्हा नवी बॅग घेऊन मुद्दाम त्यांच्या दारावरून गेलो.

"काय शिकाडस रे तू?" त्यांनी विचारलं.

"विज्ञान."

"पोरेस्ले तू शिकाडस. मंग तुले कोन शिकाडस?"

"माझं शिकून झालं, नाना."

"झायं? बठ्ठं?" सगळं शिकून झालं का, एवढं विचारून ते जे हसत सुटले ते मी गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत ऐकू येत होतं. त्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात अडाणी म्हणून टाकलं आणि पुढची कितीतरी वर्षं तेच धरून चाललो.

नव्वदच्या आगेमागे गावात ट्रॅक्टर आली. गरज होती म्हणून आली म्हणावं, तर ज्याच्याकडे दहा बिघे जमीन त्याच्याही दारात एक आलं. कोणी बोनेटवर गोंडे बांधले, कोणी सहा सुरांचा हॉर्न बसवला. चार दिवस नांगरट आणि बाकीचं वर्ष लग्नाची वऱ्हाडं वाहणं, असा या यंत्रांचा दिनक्रम होता. गोठे ओस पडायला लागले. नानांच्या दारातली वर्दळ कमी झाली. ते ट्रॅक्टरकडे बघून एवढंच म्हणत, "जे शेण देत नही ते जनावर कसानं?" लोक हसत. आता ते नानांच्या बोलण्याला हसतात की नानांना, हे सांगणं अवघड होत चाललं होतं.

ट्रॅक्टरपाठोपाठ रोटरी कटरचं खूळ आलं. ट्रॅक्टरच्या मागे जोडायचं हे एक लोखंडी झाकण. त्याखाली पंख्यासारखी पाती गरगर फिरतात आणि गवत, झुडपं, धसकटं जे येईल ते छाटून टाकतात. गावात पहिला कटर अर्थातच सरपंचाने आणला. कुठल्याशा प्रदर्शनात पाहून सगळ्यांत मोठा उचलला. तो जंगल तोडायच्या लायकीचा होता. सरपंचाच्या शेतात तोडायला होती ती हरळी. शिवाय त्याचं ट्रॅक्टर गावात सगळ्यांत लहान. पारासमोर नारळ फुटला, हार पडले, ड्रायव्हरने कटर वर उचलायचा दांडा ओढला आणि कटर जमिनीवरच राहून ट्रॅक्टरची पुढची चाकं दोन हात वर गेली. ड्रायव्हरने उडी टाकली. सरपंच मात्र हा कार्यक्रमाचाच भाग असावा अशा समजुतीने आणखी थोडा वेळ टाळ्या वाजवत होता. पुढे तो कटर त्याच्या खळ्यात पडून राहिला आणि त्याखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या.

एवढं डोळ्यांनी पाहूनही माझ्या मोठ्या भावाला, आप्पाला, कटर पाहिजे होता. आप्पा शेती बघायचा. आमचे वडील जाऊन दोन वर्षं झाली होती आणि घरात शिकलेला मी एकटा, तेव्हा निवड आपल्याच हातात आहे असं मी धरून चाललो. मी कंपन्यांची माहितीपत्रकं गोळा केली. शाळेच्या प्रयोगशाळेतून व्हर्नियर कॅलिपर आणला आणि शेतात जाऊन तीस पऱ्हाट्यांची बुंध्याशी जाडी मोजली. पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उभं राहिलेलं कपाशीचं वाळकं झाड. ते चांगलं अंगठ्याएवढं जाड भरतं. सरासरी काढली, तक्ता केला आणि हेवी ड्यूटी कटरच घ्यावा लागेल, असा निष्कर्ष खाली लाल शाईने अधोरेखित केला.

वहिनीने तक्त्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पऱ्हाटी बठ्ठी कापी टाकशात ते मी चुल्हामा काय घालू? तुमना कागदे?"

आप्पाने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाला, "नानाले संगे लई जाऊत."

मला संताप आला. लोखंड पारखायला बैल पारखणारा माणूस! पण आमच्याकडे पारखी बरोबर नेल्याशिवाय मोठी वस्तू घेत नसत, आणि पारखी म्हणजे नाना. बैलाचे दात मोजणाऱ्याला गिअरबॉक्स काय कळणार, हा प्रश्न आमच्या गावात माझ्याशिवाय कोणाला पडला नाही.

नानांनी एकच अट घातली. ट्रॅक्टर धुळ्यापर्यंत बरोबर न्यायचं. "बैल देखाशिवाय नांगर कोन लेस?" म्हणाले. आप्पा आणि मी दोन-अडीच तास धक्के खात ट्रॅक्टरवरून गेलो. नाना स्वतः एसटीने आले आणि आमच्या आधी पोचून दुकानासमोर उभे होते. दुकानात शिरताना त्यांनी जोडे काढून काखेत घेतले. आत फरशी होती.

दुकानदार सफारीतला, गोड बोलणारा होता. त्याने थेट हेवी ड्यूटी कटरशी नेलं. नाना उलट बाजूने फिरायला लागले. पत्र्यावर टिचकी मारली, वेल्डिंगवर नख फिरवलं आणि दुकानदाराला म्हणाले, "इतलं लोखंड! रेल्वेना डबा इकी राहिनात का काय?"

"आबा, माल दणकट आहे. आयुष्यभर जाईल."

"आयुष्यभर पाटा-वरवंटा बी जास. तो ट्रॅक्टरले बांधू का?"

दुकानातली दोन-तीन गिऱ्हाइकं हसली. मी हसलो नाही, मला शरमल्यासारखं झालं. मी पुढे होऊन माझा तक्ता काढला आणि पऱ्हाटीच्या जाडीचा मुद्दा दुकानदाराला समजावून सांगितला. दुकानदार लगेच म्हणाला, "सर, तुम्ही अभ्यास केलेला दिसतोय." असं कोणी म्हटलं की मी तेव्हा फुगत असे.

नानांनी तिकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी तो जड कटर आमच्या ट्रॅक्टरला जोडायला लावला, वर उचलायला लावला आणि पुढे जाऊन उभे राहिले. "आते चाक फिराव," आप्पाला म्हणाले. आप्पाने स्टिअरिंग एका बोटाने फिरवलं आणि पुढची चाकं रिकाम्या पाळण्यासारखी सहज हलली. "देख, मान हलकी व्हयनी. बांधवर चढना का हाऊ उभा राही जाई." मग माझ्याकडे वळले.

"मास्तर, आपला वावरमा पऱ्हाटी कोन उपडस?"

"बाया."

"मंग लई कोन जास?"

"त्याच."

"मंग मांगे काय ऱ्हास?"

आमच्याकडे पऱ्हाटी बाया चिमट्याने मुळासकट उपटतात आणि भारे बांधून घरी नेतात. अर्धी मजुरी तीच असते. वर्षभराची चूल त्यावर पेटते. मागे शेतात राहतात त्या मोडक्या काड्या, बारीक फांद्या आणि बांधावरचं गवत. हे मला जन्मापासून माहीत होतं. माझी आईसुद्धा भारा डोक्यावर घेऊन आलेली मी पाहिली होती.

"जे वावरमा ऱ्हातच नही, ते कापाले तू इतलं लोखंड ली राहिना?" नाना म्हणाले. माझ्या खिशात व्हर्नियर होता. तो मी बाहेर काढला नाही.

कोपऱ्यात एक लहान कटर होता. "तो लाइट ड्यूटी आहे, आबा. गवताबिवतासाठी. बंगलेवाले नेतात," दुकानदार म्हणाला. नाना त्याच्याशी गेले, गुडघ्यांवर बसले आणि सरळ त्याखाली डोकं घातलं. बराच वेळ नुसते पाय दिसत होते. मग आतून आवाज आला, "हाऊ बोल्ट इतला कवळा का शे?"

दुकानाचा मिस्त्री म्हणाला, "तो तुटण्यासाठीच असतो, बाबा. पातं दगडाला लागलं की पहिला तोच तुटतो. गिअरबॉक्स वाचतो."

नाना बाहेर आले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी नाव ठेवलं नाही. "हाई ज्यानं करं, त्याना घरमा बैल व्हतात," ते म्हणाले. मग आप्पाला समजावलं. जोखडात बैलाच्या मानेच्या बाजूला जी लाकडी खुंटी असते, ती शिवळ. ती नेहमी हलक्या लाकडाची करतात. बैल खड्ड्यात अडकला, बिथरला, तर शिवळ तुटते आणि मान वाचते. "शिवळ लोखंडनी करी का बैल मरना. हाऊ बोल्ट तुटना का शिव्या नको देजो. असाच नवा टाकजो."

मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, दुकानदाराचा हात धरला आणि त्यावर टाकलं. दुकानदार घाबरला. भर दुकानात एक म्हातारा कापडाखाली आपली बोटं दाबतोय, हे त्याला काय समजावं? "आबा, तोंडाने सांगा ना," तो काकुळतीने म्हणत होता. नाना तोंडाने काही बोलले नाहीत, आणि शेवटी बोटांनीच सौदा झाला.

कटर घरी आला. चालायला उत्तम होता. ट्रॅक्टर हलकं चालायचं, बांध स्वच्छ व्हायचे. फक्त तो बोल्ट तुटायचा. दगड लागला, तुटला. बाभळीचा खुंट लागला, तुटला. थांबायचं, खाली शिरायचं, नवा टाकायचा, अर्ध्या तासाचं काम. पण पारावरच्यांना तेवढं पुरे होतं. "नानाना कटर आज कितला डाव बसना?" किती वेळा बसला हे विचारणं रोजचं झालं. सरपंच यात सगळ्यांच्या पुढे होता, कारण त्याच्या कटरखालची अंडी लोक विसरायला लागले होते. आप्पा चिडका. नवे बोल्ट तो शिव्या देतच टाकायचा.

उन्हाळ्याच्या सुटीत मी गावी गेलो, तेव्हा आप्पाने हे सगळं सांगितलं. आता माझा मान परत मिळवायची संधी आली होती. मी तुटलेला बोल्ट हातात घेऊन पाहिला, धातू हलक्या प्रतीचा असल्याचं निदान केलं आणि अमळनेरहून डोक्यावर आकडे कोरलेला कडक पोलादी बोल्ट आणून स्वतः घट्ट बसवला. "नानांना बैलातलं कळतं. हे लोखंड आहे," असंही म्हणालो. आठ दिवस कटर एकदाही थांबला नाही. आप्पा शेजाऱ्यांना सांगत सुटला की मास्तरने दुरुस्त केला; नेमकं काय केलं ते मी त्यालाही सांगितलं नव्हतं.

नवव्या दिवशी दुपारी, शेजारच्या शेताच्या हद्दीवर, गवतात गाडला गेलेला जुना दगड पात्याला लागला. खळ्यापर्यंत आवाज आला. मी धावत गेलो. गिअरबॉक्सचं बिडाचं कवच उभं चिरलं होतं आणि तेल मातीत सांडत होतं. बोल्ट जसाच्या तसा होता. चकचकीत. त्याला ओरखडाही नव्हता.

मला त्या क्षणी सगळं कळलं. मी दरवर्षी आठवीच्या मुलांना फ्यूज शिकवत होतो. जी तार आधी वितळते ती घर वाचवते, हे वाक्य मी वर्गाकडून एका सुरात म्हणवून घेत असे. परीक्षेत त्याला दोन गुण होते. आणि मी ती तार काढून तिथे खिळा ठोकला होता. आप्पा तेलाकडे बघत डोकं धरून बसला होता. लोक यायच्या आत मी पान्याने तो बोल्ट काढला आणि खिशात टाकला. मी का काढला, हे सांगायला वेगळी अक्कल लागत नाही.

लोक जमले. अपघाताला आमचं गाव लग्नापेक्षा लवकर जमतं. सरपंच म्हणाला, "बैल पारखनारनी बैलच पारखाना. लोखंडले दात ऱ्हातस का?" सगळे हसले. तेवढ्यात नाना आले. ते खाली बसले, कटरखाली हात घातला, बोटं आत फिरवली, बाहेर काढली आणि उपरण्याला पुसली.

आप्पाने सगळ्यांसमोर म्हटलं, "नाना, हलकं ल्या म्हनीसन तुम्हीच सांगं व्हतं."

नाना आप्पाकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. फार वेळ नाही, पण मला बोलता येईल एवढा वेळ होता. मी वाकून गिअरबॉक्सची चीर तपासायला लागलो, जणू काही मी ती पहिल्यांदाच पाहतोय. वर बघितलं तेव्हा नाना बांधावरून निघून गेले होते.

त्या पोळ्याला आप्पाने उपरणं दिलं नाही. ते रिवाजाला धरूनच होतं. पण गोष्ट तिथे थांबली नाही. ज्यांचे बैल नानांच्या शब्दावर दहा-दहा वर्षं ओढत होते, ते म्हणायला लागले की नानांची नजर गेली. वैशाखात जोडी घ्यायला निघालेला एकजण त्यांना दारावरून हाक न मारता गेला. त्याने लंगडा बैल आणला, तरी दोष नशिबाला दिला; मेलेल्या कटरचा दोष मात्र नानांकडेच राहिला. ज्यांना आयुष्यात एक कोंबडी पारखता आली नाही, ते आता नानांच्या चुका सांगत. पुढच्या पोळ्याला नाना घराबाहेर पडले नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाही. धुळ्याच्या बाजाराला मात्र जात राहिले. एकटेच. बैलांभोवती फिरत आणि संध्याकाळच्या एसटीने परत येत.

हे मला सुट्यांमध्ये कळत होतं. या सुटीत सांगू, पुढच्या सुटीत सांगू, असं मी करत राहिलो. सांगायला अवघड काहीच नव्हतं. एक वाक्य होतं. पण तोवर मी सुपरवायझर झालो होतो, गावात सत्कार झाला होता, आणि पारावर माझ्यासाठी लोक सरकून बसत. ती जागा मला सोडवत नव्हती. अशी सहा वर्षं गेली.

सातव्या वर्षी अमळनेरच्या बस स्टँडवर नाना दिसले. बाकावर बसले होते, जोडे शेजारी काढून ठेवलेले. खूपच खंगले होते. मी दोन चहा आणले. एक त्यांच्या हातात दिला आणि बसायच्या आतच बोलून टाकलं.

"नाना, त्या कटरमा कडक बोल्ट मी टाकेल व्हता."

त्यांनी चहाचा घोट घेतला. "माले त्याच दिनले समजनं. भोकमा नवा पेचना दाग व्हतात. आनि तुना खिसा खाले लोंबी राहिंता."

"मंग तुम्ही बोलनात का नही?"

"बैलनी खोड मी मालकले सांगस. तुनी कोनले सांगू? तुना बाप ते मरी जायेल व्हता."

मग म्हणालो, "मी गावमा सांगसू, नाना. पारवर, बठ्ठास्नामोरे सांगसू."

"आते सांगीसन काय? गावमा बैल कितला राहिनात?" त्यांनी कप बाकावर ठेवला. मग पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं आणि आवाज खाली आणून, काहीतरी मागताना माणूस बोलतो तसं बोलले. नानांना कोणाकडे काही मागताना मी कधी पाहिलं नव्हतं. "तरी सांग. पन मी जित्ता शे तवलोंग सांग."

ते जिवंत आहेत तोवर सांगेन, अशी मी मान हलवली. गाडी लागली. त्यांनी जोडे पायात घातले, गर्दीत कोपराने वाट काढली आणि खिडकीशी जागा धरली. मी खिडकीखाली उभा होतो. ते समोर ड्रायव्हरच्या पाठीकडे बघत होते. गाडी सुटेपर्यंत त्यांनी बाहेर पाहिलं नाही.

त्या आठवड्यात शाळेच्या परीक्षा होत्या. त्यानंतर पेपर तपासायचे होते. त्यानंतर निकाल.

नाना गेल्यावर तेराव्या दिवशी, गंधमुक्तीच्या विधीला, मी गावी गेलो. नानांच्या दारात मांडव होता, पाच-सहा गावांची माणसं बसली होती. चारजण नानांबद्दल बोलले. मग मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. बोल्ट, दगड, खिसा, काहीही लपवलं नाही. आप्पाने मान खाली घातली. नानी भिंतीशी बायकांमध्ये बसल्या होत्या. त्या उठल्या आणि आत निघून गेल्या.

सरपंचाने डोळ्यांना रुमाल लावला आणि म्हणाला, "मास्तर, असं सांगाले मोठं मन लागस." आणखी दोघं-तिघं तेच म्हणाले. एकाने माझा हात हातात घेतला. जेवणाच्या पंगती बसल्या, तेव्हा पहिल्या पंगतीतल्या दोघांनी सरकून मला मधोमध जागा करून दिली. मी तिथे बसलो आणि जेवलो.